चक्कीमागची तसबीर

आमची घरगुती पीठचक्की ऑनलाइन विकाले काढली, तवाचं सांगतो. शंकर नगरचा एक भैया चार दिवस फोनवर भाव करून राहिला होता. शेवटी घरी आला, गहू दळून पाहिले, पीठ चिमटीत चोळलं. म्हणे, “बढ़िया है, ले जाता हूँ।”

मग भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडं पाहत विचारलं, “आप लोग कौन?”

म्या सांगितलं, “बौद्ध.”

त्यानं हातावरचं पीठ झटकलं. “घर में पूछके बताता हूँ।” समोरचा चहा तसाच ठेवून गेला. फोन काही आला नाही.

बायकोनं जाहिरातीत नवा फोटो टाकला. चक्कीच्या मागं अख्खी तसबीर.

“काहून?” म्या विचारलं.

“ज्याले चालत नाही, त्यानं फोटो पाहूनच थांबावं. माझा चहा तरी वाया जाणार नाही.”