वावर करण्यास मनाई

पुण्याच्या माणसाले वऱ्हाडात बोर्ड लिहू देऊ नये, हे मी उगाच नाही म्हणून राह्यलो.

आमच्या बोरी अरबच्या सोलर साइटवर अभिजित नावाचा सेफ्टी इंजिनियर आला. पोरगा हुशार, मराठी एकदम पुस्तकातली. आल्या आल्या त्यानं कुंपणाले भला मोठा बोर्ड ठोकला: 'येथे वावर करण्यास सक्त मनाई आहे.'

कुंपणाले लागून रामरावजींची तूर. आमचे प्लेटांचे ट्रक त्यांच्याच धुऱ्यावरून, बांधावरच्या वाटेनं, येत, तेही त्यांच्या मेहेरबानीनं. सकाळी रामरावजी बोर्डाखाली उभे.

"साहेब, वावर करू नोका म्हनता, मंग तूर काय डोक्यावर पेरू?"

"काका, तूर पेरा की. फक्त इथे वावर नको."

"वावराबिगर पेरू?"

"अहो, वावर म्हणजे येणं-जाणं!"

"असं? मंग सातबाऱ्यावर माह्या नावानं काय हाये, येनं-जानं?"

मी मधात पडलो. म्हटलं, "अभिजित, इकडं वावर म्हणजे शेत. बोर्ड बदल."

तो म्हणे, "सर, शब्दकोशात बघा. बोर्ड बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी आमचे सगळे ट्रक डांबरी रोडवरच उभे. धुऱ्याच्या तोंडाशी खाट टाकून रामरावजी बसलेले, अन् बाजूले खडूनं लिहिलेली फळी: 'येथे सोलर करण्यास सक्त मनाई आहे.'

अभिजित धावत गेला. "काका, सोलर तर तिकडे आत आहे! इथून फक्त आमचं येणं-जाणं आहे."

रामरावजींनी शांतपणे तंबाखू मळला.

"आमच्या इकडं सोलर म्हंजे येनं-जानंच."