दोन बटणं एकदम

नाही नाही दादा, बिघडलेला नाहीये, चालतोय — तसा चालतोय. काच नीट आहे, चार्जिंग होतंय, सगळं होतंय. मला फक्त ते शिकवा, स्क्रीनवर जे दिसतंय ना, त्याचा फोटो जसाच्या तसा आतल्या आतच काढायचा — हां, तेच, स्क्रीनशॉट. बघा, तुम्हाला एका शब्दात कळलं. आमच्या शेजारणीने सांगितलं होतं, दोन बटणं एकदम दाबायची, झालं. झालं कसलं! तिच्या तोंडून सगळं सोपंच वाटतं हो, उद्या तिला विमान चालवायला दिलं तरी म्हणेल, दोन बटणं आहेत, दाबा. — मी बसते या स्टुलावर. तुमचं हातातलं आधी होऊ दे, मला घाई नाही. म्हणजे घाई आहे, पोरगी संध्याकाळच्या गाडीने येतेय, पण होऊ दे तुमचं.

हा टॅब माझा नाही, आमच्या ह्यांचा. मुलाने आणून दिला, ह्यांचं गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा. आवाजाची पेटीच काढून टाकली ना — इथे, बघा, या इथे भोक आहे, त्यात नळी, श्वास त्यातून. आवाज नाही. मग बोलायचं कसं? आधी पाटी आणली होती, तर खडूची पूड त्या भोकात जाईल म्हणून डॉक्टर केवढ्याने ओरडले. वही-पेन म्हणाल तर ह्यांना ते कधी आवडलंच नाही — जन्मभर ब्रश धरलेला माणूस. पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. या रस्त्याला एके काळी त्या टोकापासून या टोकापर्यंत सगळ्या पाट्या ह्यांच्या हातच्या होत्या. तुमच्या या गाळ्यात आधी चपलांचं दुकान होतं, त्याचीसुद्धा. आता मान वर करून बघा, एक जरी राहिली असेल तर शपथ. सगळं छापील. ह्यांना त्याचं काही नव्हतं म्हणा. म्हणायचे, पाटी दुकानदाराची, मी नुसता हात लावला.

पण या टॅबवर बोट टेकलं आणि रमले हो! बोटाने लिहायचं, आपण वाचलं की कोपऱ्यात दाबायचं, साफ. परत कोरं. मी म्हणायचे, अहो राहू द्या की जरा, किती सुंदर आलंय — आणि लिहिलेलं काय, तर ‘खिडकी लाव’. ‘नळी बदल.’ पण अक्षर असं की वाटावं कुठेतरी टांगावं. ते पुसून मोकळे. एकदा मला लिहिलं होतं, ‘बोललेलं कुठे राहतं?’ आणि तेही पुसलं.

मग ती गाठ परत आली. जिभेच्या मुळाशी. मोठे डॉक्टर म्हणाले, आत्ता लगेच केलं तर अजून एक ऑपरेशन करता येईल, जीभ बरीचशी जाईल, खात्री देत नाही, पण एक संधी आहे. मुलगा म्हणाला, करायचं. सून म्हणाली, करायचंच. ह्यांनी सगळ्यांसमोर लिहिलं, ‘तुम्ही म्हणाल तसं’. मग ती दोघं गेली, मी ह्यांची नळी साफ करायला बसले, तर माझा हात धरला, उलटासुलटा करून बघितला, आणि बाजूला ठेवला. टॅब ओढला. मोठ्या अक्षरात लिहिलं — ‘पुरे’. मी म्हटलं, काय पुरे, नळी? तर मान हलवली. खाली लिहिलं, ‘सगळंच. घरी राहू दे मला.’ आणि पुसलं. आणि असं, ओठांवर बोट ठेवलं. कुणाला सांगू नकोस म्हणून.

सांगू नकोस म्हणे! अशी गोष्ट ठेवायला पोट आहे की कोठार? सांगितलं मी. दुसऱ्याच दिवशी मुलाला जिन्यात गाठून सांगितलं. तो म्हणाला, ‘आई, बाबा माझ्यासमोर असं काही म्हणाले नाहीत.’ मी म्हटलं, तुझ्यासमोर कसे म्हणतील, तूच आता त्यांचा बाप झालायस. तर म्हणाला — रागावून नाही हो, गरीब आहे तो — म्हणाला, ‘आई, हे बाबांचं म्हणणं आहे, की तुझं?’

 — तो स्क्रू शोधताय का? तो काय, चिमट्याखाली. — आता हे हात बघा. बघा ना. त्या औषधाच्या पाण्याने सालपटं निघालीत, रात्रंदिवस धुवायचं, उकळायचं, परत धुवायचं. एवढा मोठा माणूस एकटीने कुशीवर वळवायचा. तक्रार नाही करत हो मी. पण ह्यांनी ‘पुरे’ लिहिलं ना, तेव्हा मी रडले, खूप रडले — पण त्याच्या आधी, रडायच्या आधी, काहीतरी हलकं झालं इथे. लांबून चालत यावं आणि कुणीतरी मागून येऊन हातातली पिशवी घ्यावी, तसं. एक क्षणभरच. कुणालाही विचारा, होतं तसं — होतं ना? — तुम्ही काय सांगणार. जाऊ दे. मी तरी कशाला बोलत बसलेय.

तर मुलाने ऐकलं शेवटी. मी रेटलंच तेवढं. जेवणावरून उठले, अबोला धरला, बाबांचे हाल करतोयस म्हणाले. त्याने फोन करून ऑपरेशनची तारीख रद्द केली आणि ह्यांच्याजवळ बसून सांगितलं, ‘बाबा, तुमच्या मनासारखं केलं.’ ह्यांनी लिहिलं, ‘बरं’. एवढासा शब्द, पण बोट बराच वेळ काचेवरच होतं. मला वाटलं, दमले असतील.

आणि गाठ काय थांबते का आपल्यासाठी? गेल्या आठवड्यात परत दाखवायला नेलं, तर डॉक्टरांनी ह्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि आम्हाला आत घेतलं. म्हणाले, श्वासनळीला लागलंय, आता ऑपरेशनचा प्रश्न उरला नाही. माझ्याकडे बघत नव्हते, पेनाचं टोपण काढघाल करत होते. म्हणाले, घरी न्या, दुखू देऊ नका. घरी न्या! घरूनच आलो होतो की आम्ही. बाहेर आलो तर ह्यांनी भुवया उडवून विचारलं, काय म्हणाले? मुलगा म्हणाला, सगळं ठीक आहे बाबा, औषध बदललंय.

आता मुलगी. ती लांब असते, नर्स आहे, सुट्टी मिळता मिळत नाही. तारीख रद्द केल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं — मुलगा म्हणे तू सांग, मी म्हणे तू सांग. आता कळलं तिला. फोन आला. आवाज असा की ओळखू येईना. ‘आई, हे कुणी ठरवलं?’ मी म्हटलं, बाबांनी. ‘मला दाखव.’ म्हटलं, काय दाखवू? ‘त्यांच्या हातचं काहीतरी असेल ना, एक ओळ. मला एक ओळ दाखव, मग मी गप्प बसते.’ आता कुठून आणू ओळ? वर्षभर बोलत होतं माणूस, एक अक्षर घरात नाही.

म्हणून ते दोन बटणांचं. परवा दुपारी ह्यांनी आपणहून टॅब मागितला आणि लिहायला लागले. हात थरथरतो आता, पण लिहितायत, लिहितायत — एवढं मोठं कधी लिहिलं नव्हतं. मी उशी सारखी करायच्या निमित्ताने मागे उभी. चष्मा तिकडे ओट्यावर, मला नुसत्या ओळी दिसतायत, मुंग्यांच्या रांगेसारख्या. पण मनात म्हटलं, हेच ते. तेच परत लिहितायत, नीट खुलासेवार. चष्मा आणायला जावं, तर तोवर पुसायचे. म्हणून मागून हात घातला आणि दाबली दोन्ही बटणं. चांगली घट्ट दाबून धरली, म्हटलं नीट उमटू दे. तर काळोख! सगळं काळं ठिक्कर. लिहिणारं बोट तसंच वर राहिलं ह्यांचं.

मान वळवून बघितलं माझ्याकडे. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी सांगतेय, अहो चुकून झालं, अहो फोटो काढत होते — भिंतीकडे तोंड केलं. परत चालू करून हातात द्यायला गेले, तर हात पांघरुणात घेतला. तेव्हापासून एक अक्षर नाही. पाणी हवं का विचारलं तर डोळे मिटतात. म्हणून म्हटलं, नीट शिकून जावं. आज काहीही करून त्यांना परत लिहायला लावते, आणि या वेळी चुकायचं नाही.

हं, झालं का तुमचं? दाखवा. हे चालू-बंदचं, आणि हे — आवाज कमी करायचं. आवाज कमी करायचं! घ्या. अजून किती कमी करायचा? — बरं, नाही बोलत. दोन्ही एकदम. हे असं? छे, नुसता आवाजच कमी झाला. परत. — ही स्क्रीन विझली. — आधी एक, मग दुसरं, असं नाही? अगदी एकदम, टाळी वाजवल्यासारखं. आणि लगेच सोडायचं? लगेच? अगं बाई, मी तर धरूनच बसले होते. मला काय माहीत, शेजारीण सोडायचं बोललीच नाही. थांबा, काहीतरी लिहिते म्हणजे कळेल. ‘क’ काढते. हसू नका, माझं अक्षर ह्यांच्यासारखं नाही, कोंबडीचे पाय आहेत. आता — झालं! चमकलं! वाजलंसुद्धा! सोपं आहे की हो. आणि हे गेलं कुठे पण? इथे? या चित्रावर दाबायचं... हा माझा ‘क’. बाई गं, किती घाण. आणि हे शेजारी काय आहे?

काय म्हणता? म्हणजे त्या दिवशी निघाला होता? आधी फोटो निघाला, आणि मी बोटं काढली नाहीत म्हणून नंतर बंद पडला? — अहो, म्हणजे आहे! आहे ह्यांच्या हातचं! दादा, तुमचं भलं होवो. मोठं करा, मोठं करा. चष्मा... डोक्यावरच आहे. हं. हे बघा, हात थरथरतोय तरी कसं बघा ‘त्या’ काढलंय. थांबा, मीच वाचते. ‘त्या दिवशी पुरे लिहिलं, ते तुझे हात बघून लिहिलं. वाटलं, तुला सोडवावं. आता...’ — हे काय — ‘आता राहवत नाही. मला भीती वाटते. मला अजून राहायचंय. पोराला सांग, तारीख परत घे. जीभ गेली तरी चालेल. तू’ —

‘तू’. पुढे नाही काही. तूवर रेघसुद्धा नाही बघा. शब्द पुरा झाल्यावरच वरची रेघ ओढायची, ही पाट्यांपासूनची सवय त्यांची. म्हणजे हे ‘तू’ नाहीच. दुसरंच काहीतरी होत होतं. तूच, तूही... काय असेल?

पाणी नको. राहू द्या. तो पंखा तेवढा बंद करता का.

वाचलंत ना तुम्ही? नाही म्हणू नका, वाचलंत. मग सांगा, तारीख परत घे म्हणजे कुठून घेऊ? त्यांना माहीत नाहीये दादा. ते बाहेर बाकावर बसले होते. त्यांना अजून वाटतंय, वेळ आहे, फोन केला की झालं. आणि परवापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत — मला वाटत होतं, रागावलेत. रागावले नाहीत हो. त्यांना वाटतंय, मी वाचलं. मागे उभी होते ना. त्यांना वाटतंय, मी सगळं वाचलं, आणि मग बंद केलं.

आता जाऊन सांगायचं, अहो, तेव्हा नव्हतं वाचलं, आज वाचलं? बरं, वाचलंस, मग काय करतेस, असं विचारलं तर? भुवया उडवून विचारतात ते. तर काय सांगू, औषध बदललंय म्हणून? खोटं सांगितलं की कळतं त्यांना, एवढ्या वर्षांत एकदाही पचलं नाही माझं. आणि खरं सांगितलं तर — खरं कसं सांगतात दादा? तुम्ही सांगाल? मुलगा नाही सांगणार. त्याला हे दाखवलं तर तो जन्मभर तारीख रद्द करायला फोन केल्याचंच आठवत बसेल. पोरीला दाखवीन. मागत होती ना हातचं. तिचा हक्क आहे, मारू दे मला तिने, मी उभी राहीन. पण तीही संध्याकाळी येऊन बसेल ह्यांच्या उशाशी आणि विचारेल, बाबा, काय हवंय तुम्हाला?

काय? हो, दिसतेय मला ती फोटोखालची कचऱ्याच्या पेटीची खूण. नका. ते शिकवू नका मला. पुसायचं कसं ते कळलं तर मी पुसेन. घरी पोचायच्या आधी पुसेन, त्या पुढच्या वळणावरच.

द्या इकडे. नाही, असाच द्या, झाकण लावू नका, लावते मी. तुम्ही कशाला वाईट वाटून घेताय, तुम्ही चांगलं शिकवलंत, आलं मला. अगदी नीट आलं. — अहो, ते मागे गृहस्थ कधीचे ताटकळलेत. या हो, पुढे या, दाखवा तुमचा फोन. बघा दादा, त्यांचं बघा. बघा म्हणते ना. माझं झालं.