मोशेचा पाळणा

शास्त्रीय नावं डावलून पाट्यांवर बायबलातली मंडळी बसवणाऱ्या रोपवाटिकेविरुद्ध चार पानी तक्रार हातात घेऊन निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ तिथल्याच रांगेत उभे होते. त्यांच्या पुढे एक सासू आणि सून.

"'मोशेचा पाळणा'? हे कसलं नाव, माळीदादा?"

"आजी, पानांच्या बुडाशी बघा. होडीत निजल्यासारखी पांढरी फुलं आहेत. तान्ह्या मोशेचा जीव राजापासून वाचावा म्हणून आईनं त्याला टोपलीत घालून नदीकाठी ठेवलं होतं."

"मग?"

"राजकन्येनं उचललं, वाढवलं."

"परक्याचं पोर?"

"आई, उद्या अनाथालयातून आपणही आणतोय. पुन्हा तेच नको ना!"

"तू थांब गं. माळीदादा, राजकन्येच्या सासूनं कटकट नाही केली?"

"सासूचा उल्लेखच नाही, आजी."

"शहाणी असणार बाई. दोन कुंड्या द्या. एक पाळण्याजवळच्या खिडकीत."

"आणि दुसरी, आई?"

"माझ्या खोलीत. दुपारी बाळ माझ्याजवळच झोपणार ना?"

दोघी कुंड्या सांभाळत निघाल्या.

"बोला साहेब, तुम्हाला काय हवंय?"

शास्त्रज्ञांनी चारही पानं घडी करून खिशात कोंबली.

"तोच द्या. मोशेचा पाळणा."