डावीकडे वळणारी मान

शिल्पकार : पुन्हा वळली. मान सरळ ठेवा, सर.

सर : सरळच आहे की.

शिल्पकार : आता केलीत. मी इकडे तुमचा कान बसवायचा आणि तुम्ही तो भिंतीकडे न्यायचा. अशानं सोमवारपर्यंत हा पुतळा काही होत नाही.

सर : न होवो. बाई, सांगूनच टाकतो. मला हा पुतळा नकोय.

शिल्पकार : आता सांगताय? कोपरापर्यंत हात मातीत गेल्यावर?

सर : आधी धीर झाला नाही.

शिल्पकार : कमाल आहे! ताऱ्यांची वयं सांगणारे तुम्ही, आणि एका संचालकाला नको म्हणता येत नाही?

सर : संस्थेच्या दारातला जुना पुतळा पाहिलात? आमच्या गुरुजींचा.

शिल्पकार : नाक चकाकतंय तो?

सर : तोच. परीक्षेला जाताना पोरं त्या नाकाला हात लावून जातात. पास होतात म्हणे. जन्मभर तो माणूस कानीकपाळी ओरडत राहिला, पुरावा दाखवा, पुरावा दाखवा. आता त्याच्याच नाकाला नवस. माझंही तेच होणार.

शिल्पकार : तुमचं नाक बसकं आहे. हाताला नीट लागायचं नाही.

सर : हे बघा! असं कुणी बोलतच नाही हो माझ्याशी.

शिल्पकार : कसं?

सर : तोंडावर. परवाच्या व्याख्यानात फळ्यावर मी मुद्दाम चूक केली. उणेच्या जागी अधिक. सभागृह खच्चून भरलेलं. सगळ्यांनी मुकाट्यानं उतरवून घेतली. शेवटी मागून एक हात वर आला. म्हटलं, आला माझा वाघ! तर त्याला माझी सही हवी होती.

(सरांच्या घराचं दार वाजतं. संस्थेचे संचालक आत येतात.)

संचालक : येऊ का, सर? अहाहा! साक्षात! डोळ्यांत तीच बंडखोरी!

शिल्पकार : डोळे अजून केलेले नाहीत.

संचालक : तरीसुद्धा.

सर : बरं झालं आलात. हा पुतळा मला नको.

संचालक : अगदी बरोबर, सर.

सर : बरोबर ना? मग थांबवा.

संचालक : हा साधेपणा, सर! नेमका हाच आम्हाला पुतळ्यात हवाय. खाली तुमचं वाक्य कोरतोय, 'कुणाचंही डोळे मिटून मानू नका, माझंसुद्धा.' रोज सकाळी सगळी मुलं रांगेत उभी राहून एका सुरात म्हणतात. अंगावर काटा येतो.

सर : आला, माझ्याही आला. आजवर एकानंही 'मी नाही म्हणणार' असं म्हटलं नाही?

संचालक : बिशाद आहे कुणाची!

सर : आणि परवा फळ्यावर मी चूक केली, ती?

संचालक : ती ना! त्यावर दोघांनी काम सुरू केलंय, सर.

सर : अहो, चूक आहे ती! साधी, शाळकरी चूक!

संचालक : तुमची चूकसुद्धा, सर, आमच्या दहा पावलं पुढे असते. बरं, निघतो. सोमवारी सभागृहात अनावरणाला मंत्री येतायत.

सर : याच मंत्र्यांच्या खात्यानं मला संस्थेतून काढलं होतं. सरकारविरुद्ध लिहू नका म्हणाले आणि मी लिहिलं. आठवतंय का?

संचालक : न आठवून कसं चालेल! त्या प्रसंगाचं मोठं चित्र लावतोय ना आपण. मंत्र्यांच्याच हस्ते. येतो, सर.

शिल्पकार : गेले. मान, सर.

सर : ऐकलंत ना? आता नाही म्हटलं तरी त्याचं हो होतं. पूर्वी निदान हाकलून तरी द्यायचे. तेव्हा इतकं एकटं वाटत नव्हतं.

शिल्पकार : तेव्हा घरात कुणीतरी होतं.

सर : कशावरून?

शिल्पकार : मानेवरून. आधी वाटलं, दुखत असेल. पण पाणी मागताना ती वळत नाही. माझ्या नावानं कुरकुर करताना वळत नाही. तुम्ही काही ठासून बोललात की बोलून झाल्यावर वळते. तिथं कोण बसायचं?

सर : ...आमची ही. मी या टेबलाशी आणि ती तिथं खिडकीपाशी, शेंगा सोलत. मी काही ठासून सांगितलं की मान वरसुद्धा न करता विचारायची, 'कशावरून?' झालं! माझा आठवडा त्यात जायचा. लोक माझ्या विचारपद्धतीवर पुस्तकं लिहितात. त्या शेंगांच्या टोपलीतून आलीय ती.

शिल्पकार : म्हणजे त्याही तुमच्यासारख्याच, देवबिव न मानणाऱ्या?

सर : छे हो! रोज सकाळी डोळे मिटून बसायची. एकदा वैतागून म्हटलं, मला सतरांदा विचारतेस, तुझ्या देवालाही विचार की कशावरून. तर म्हणाली, 'विचारते ना रोज. तो तुमच्यासारखं लगेच उत्तर देत नाही, म्हणून तर त्याचं पटतं.'

शिल्पकार : मग भांडलात?

सर : जन्मभर भांडलो. पण मी तिला सोड म्हटलं नाही, तिनं मला हात जोडा म्हटलं नाही. तिच्या देवाशी माझं वाकडं नव्हतंच. त्याच्या नावानं हुकूम सोडतात ना, त्यांच्याशी होतं. आता माझ्याच नावानं हुकूम सुटतायत. आणि कशावरून म्हणायला घरात कुणी नाही. भाषण लिहितो, मोठ्यानं वाचून बघतो. भिंत ऐकून घेते. फार एकटं वाटतं हो.

शिल्पकार : ऐकत असतील त्या कुठूनतरी. लोक म्हणतात तसं.

सर : लोक काहीही म्हणतात. तुमचं मन राखायला मी हो म्हणणार नाही, बाई. माणूस गेला की गेला. ती कुठेही नाही. ऐकत नाही, बघत नाही. याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही.

शिल्पकार : सर.

सर : काय?

शिल्पकार : वळली मान.

सर : ...करतो सरळ.

शिल्पकार : नको. राहू द्या. अशीच घडवते.

सर : लोक विचारतील, हा म्हातारा सभागृह सोडून तिकडे काय बघतोय.

शिल्पकार : विचारू देत की.

सर : मग सावकाश करा, बाई. उजेड आहे तोवर बसतो मी असाच.