वळणावरचा पांढरा बांबू

वहिनी: मागच्या भिंतीला दोन बांबू टेकवलेत, ते कशासाठी?

दादा: असेच.

वहिनी: असेच कसे? एकाला पांढरं फडकं बांधलंय. शुक्रवारी तुम्हीच म्हणालात, वळणावर वाळू सरकलीय, खुणा हलवायला हव्यात. मग हे अजून घरात कसे?

दादा: राहिलं.

वहिनी: तुमचं राहिलं? तापानं फणफणलात तरी होडी काढून नदीत खुणा लावून येणारा माणूस. बावीस वर्षांत कधी राहिलं नाही.

दादा: या वेळी राहिलं. चहा ठेव.

वहिनी: चहा नंतर. नदीकाठच्या त्या नव्या करमुक्त झोनची पहिली मालवाहू बार्ज आजच येतेय ना? अकराला?

दादा: सगळ्या गावाला माहीत आहे, मला कशाला विचारतेस? चाळीस कंटेनर, नव्या धक्क्यावर मांडव, खुर्च्या, फुलं. आणि सुकाणूवर आपले धाकटे बंधू. पायलटसाहेब.

वहिनी: म्हणजे भाऊजी तुमच्याच खुणा बघत येणार. लाल बांबू एका अंगाला, पांढरा दुसऱ्या अंगाला, मधून वाट.

दादा: सगळेच तसे येतात.

वहिनी: वळणावरच्या पांढऱ्या बांबूपाशी आता पाणी किती आहे?

दादा: तुला काय करायचंय?

वहिनी: किती आहे?

दादा: कमरेला लागेल.

वहिनी: अहो, काय करून बसलात हे.

दादा: मी काही केलेलं नाही. बांबू होता तिथंच आहे. वाळू त्याच्याकडे आली.

वहिनी: आणि तुम्हाला ते शुक्रवारपासून माहीत आहे.

दादा: बुडत नाही कुणी. रुतेल. दोन दिवस बसेल तिथं, पाणी वाढलं की निघेल आपोआप. मांडवातली माणसं जांभया देत घरी जातील, एवढंच.

वहिनी: आणि भाऊजींचा बिल्ला? पहिल्याच खेपेला बार्ज रुतवली तर ठेवतील का त्यांना पायलट म्हणून?

दादा: मला तरी कुठं घेतलं?

वहिनी: म्हणजे मुद्दामच केलंत. सख्ख्या भावाला असं पाण्यात बघायचं?

दादा: तुला पूर्ण गोष्ट माहीत नाही. पायलटच्या मुलाखतीला आम्ही दोघंही होतो. त्या दिवशी सकाळी तो इथं पायरीवर बसून मला विचारतो, दादा, वळणावर पाणी किती रे? मी सांगितलं, आज साडेतीन मीटर. दुपारी आत मला आधी बोलावलं. कोटातल्या माणसानं तेच विचारलं, वळणावर पाणी किती? मी म्हटलं, कुठल्या दिवसाचं, साहेब? सगळे हसले. त्यांना वाटलं, याला काही येत नाही. मागून हा गेला आणि दिलं ठोकून, साडेतीन. माझं साडेतीन.

वहिनी: तुम्हीही सांगायचंत की.

दादा: नदीला एक आकडा असतो का? कालचं पाणी आज नसतं.

वहिनी: ते खरं. पण साहेबाला आकडा हवा होता, भाऊजींनी तो दिला. त्यात चोरी काय झाली?

दादा: तू त्याच्याच बाजूची. परवा मी खुणांच्या कामासाठी झोनमध्ये गेलो होतो. तिथं बाहेरच्या देशांतून माल येतो, आतच पेट्या फोडतात, नव्यानं बांधतात, पुन्हा बाहेर धाडतात. कर नाही, जकात नाही. कोट्यवधींचा माल सुखानं आत जातो, आणि फाटकावर माझा डबा उघडून भाजी चमच्यानं ढवळून बघितली. तेवढ्यात धाकटा आला. बिल्ला दाखवला, फाटक उघडलं. मला म्हणतो, दादा, माझ्याबरोबर चल, तुला कुणी अडवणार नाही. माझ्याबरोबर चल म्हणे. वल्हं धरायला मी शिकवलं त्याला.

वहिनी: चांगलंच बोलले की ते.

दादा: चांगलंच बोलतो नेहमी. त्याचीच चीड येते.

वहिनी: मला काही वाटत नाही, असं समजू नका. धाकट्या जावेनं नव्या क्वार्टरमधले पडदे दाखवायला नेलं तेव्हा मीही जळले. घरी येईपर्यंत कुणाशी बोलले नाही. पण मी तिचे पडदे फाडले नाहीत.

दादा: झालं तुझं?

वहिनी: नाही झालं. एक सांगा, बार्ज रुतली की लोक काय म्हणतील? धाकट्यानं रुतवली?

दादा: मग काय म्हणतील?

वहिनी: थोरल्याची खूण चुकली म्हणतील. म्हातारा झाला, नजर गेली, असले बांबू रोवतो. बावीस वर्षं तुमच्या खुणेवर एक होडी अडली नाही, आणि नाव जाईल ते या एका बांबूपायी.

दादा: फोन कुठाय माझा?

वहिनी: हा घ्या. मलाही ऐकू येऊ दे.

(फोन स्पीकरवर.)

धाकटा: बोल दादा.

दादा: कुठं पोचलास?

धाकटा: येतोय, बोल ना.

दादा: नीट ऐक. वळणावरच्या पांढऱ्या बांबूच्या जवळ जाऊ नकोस. चांगली चाळीस पावलं लाल बांबूकडे सरकून काढ. वाळू आलीय तिथं.

धाकटा: दादा, वळण मागं पडलं. अर्धा तास झाला.

दादा: आणि रुतली नाही?

धाकटा: नाही. सकाळी छोटी बोट पुढं पाठवून यंत्रानं तळ मोजून घेतला होता. पांढरा बांबू वाळूत उभा दिसला.

दादा: साहेबांना काय सांगितलंस?

धाकटा: म्हटलं, रात्रीतून वाळू सरकली असेल. दादा कालच बघून गेलाय, त्याची खूण चुकत नाही.

दादा: मला फोन का नाही केलास?

धाकटा: तू करशील असं वाटत होतं. वहिनी आहेत का तिथं?

वहिनी: आहे, भाऊजी.

धाकटा: त्याला घेऊन या. पुढच्या रांगेत दोन खुर्च्या धरून ठेवल्यात. ठेवतो आता, पुढं होड्यांची गर्दी आहे.

वहिनी: सुटलो बाई. कुणाला काही कळलं नाही.

दादा: त्याला कळलंय.

वहिनी: आणि पोटात घातलंय त्यांनी. आणखी काय हवं?

दादा: निदान वाचवायचं तरी माझ्या हातून व्हायला हवं होतं. तेही त्यानंच केलं.

वहिनी: भाऊ चांगला निघाला म्हणून कुणी एवढं वाईट वाटून घेतं का?

दादा: वाईट निघाला असता तर मला इतकं लहान व्हावं लागलं नसतं. दार लोटून घे. आता धक्क्याला लागताना बार्जचा भोंगा देईल तो.