हौदाजवळचं गूळपाणी

अरे, त्या हौदाचं कौतुक माझ्यापुढे करू नका, डोकं फिरतं माझं! टेंभी नाक्याकडच्या सगळ्या गटारांचं पाणी त्यात साठवायचं, गाळ खाली बसला की वरचं पाणी खाडीला सोडायचं, अशी म्हणे सोय. पण हौद बांधला कुठे? आमच्या आळीत, विहिरीला लागून! आणि गाळ उपसायला कुणी फिरकेल तर शपथ. घाण झिरपून झिरपून विहीर नासली, आता आम्ही पलीकडच्या आळीतून पाणी वाहतो.

परवा हा हौद बांधून घेणारे म्युनिसिपालटीचे मेंबर, रावसाहेब, टांग्यातून आले. नाकाला रुमाल लावून मलाच विचारतात, "काय, झाली की नाही गावाची सोय?"

माझ्या तोंडावर शिवी आलेली. तेवढ्यात आमची काकू गूळपाणी घेऊन बाहेर आली. रावसाहेबांनी गूळ तोंडात टाकला, तांब्या उचलला आणि थबकले. "पाणी कुठल्या विहिरीचं?"

"ह्याच की, तुमच्या हौदाशेजारच्या," काकूनं बेधडक ठोकून दिलं.

तांब्या खाली! "नको. आज माझा निर्जळी उपास आहे."

गूळ अजून तोंडातच होता बरं का.

काकू कडाडली, "आमच्या अख्ख्या आळीचा आहे, तुमचा हौद झाल्यापासून! उद्यापन कधी करायचं तेवढं सांगा, मग बसा टांग्यात!"