नाचून बसवलेली धावपट्टी

धुकं उतरल्यामुळे विमान अजून आलं नव्हतं. न्यू गिनीच्या डोंगरमाथ्यावरच्या त्या जिल्ह्याच्या गावी आग्नेस मास्तरीण धावपट्टीकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये विमानाची वाट बघत बसली होती. शेजारी दोन म्हातारे बोलत होते, ती ऐकत होती. बोमाई कायमचा मुलीकडे समुद्रकाठी निघालेला, कावागे त्याला पोचवायला आलेला.

"आपण नाचलो नसतो, तर हे गावच झालं नसतं, बोमाई."

"गोऱ्या साहेबाने धावपट्टीची जमीन पायांनी चोपून बसवायला बोलावलं होतं. नाचायला नाही."

"नाचूनच बसवली ना? डोक्यात पिसं खोवून आख्खं खोरं नाचलं. मग पट्टीच्या कडेला कचेरी आली, मग तुरुंग."

"तुरुंग आधी. त्याचं छप्पर गळत नव्हतं, म्हणून साहेबच त्यात झोपायचा."

"त्या टोकाला अजून खळगा आहे. तिथे तू नाचायचास."

"ताल धरून नाचायचो मी."

"पोरींकडे बघून नाचायचास. पाय जमिनीला लागतच नव्हते."

"त्यातलीच एक माझी बायको झाली."

"आणि खळगाही झाला."

"होऊ दे."

"मुलीकडे जमीन कशी आहे?"

"वाळू आहे."

"वाळू बसत नाही, लेका. कितीही नाच."

"आता कोण नाचतंय? गुडघे गेले."

धुकं विरलं. विमान आलं, माणसं उतरली. बोमाईने रताळ्यांची पिशवी खांद्याला अडकवली.

"आत बसलास की खिडकीतून बघ. मी पट्टीच्या मधोमध उभा राहतो."

"मधोमध उभा राहिलास, तर विमान उडेल कसं?"

"तेच म्हणतोय मी."